कोथरूडची मुलगी, खडकवासल्याचा बंगला आणि एकटा बाप : हे पटेल का?

एका तरुण लेखकाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा : "पुण्यात घडणाऱ्या ॲक्शन थ्रिलरची पटकथा लिहितोय. नायक रणजित, लष्करातून निवृत्त झालेला कमांडो. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला, ईराला, शनिवारी संध्याकाळी कोथरूडमधून क्लासला जाताना उचलतात. दोन कोटींची मागणी होते आणि पोलिसांना कळवलं तर मुलगी दिसणार नाही अशी धमकी येते. रणजित कुणालाच न सांगता माग काढतो, खडकवासल्याच्या बॅकवॉटरजवळच्या बंगल्यात घुसतो, चौदा गुंडांना लोळवतो आणि मुलीला बाहेर काढतो. पोलिस शेवटी येतात. हे कितपत पटेल? आणि सगळं खरं-खरं दाखवलं तर थरार मरेल का?"

मी पोलिस खात्यातून निवृत्त झालोय, नोकरीतली बरीच वर्षं गुन्हे शाखेत गेली. हल्ली लेखक मंडळी अशा शंका घेऊन येतात, चहा पितात आणि मी सांगितलेलं निम्मं सोडून देतात. ते चालायचंच. तर उत्तर असं : तुमची गोष्ट चौदा गुंडांपाशी पटत नाही असं नाही, ती त्याच्या खूप आधी, पहिल्या तासातच सुटते. बापाकडे पोलिसांपेक्षा जास्त ताकद नसते, माणसं नसतात, अधिकार तर नसतोच. त्याच्याकडे जास्त असते ती माहिती : आपली पोर, आपला मुलूख आणि आपलं काम. सगळा थरार तिथून काढा.

आधी "पोलिसांना सांगू नका" हे घेऊ. ही धमकी प्रत्येक जण देतो, त्यामुळे तिच्यात नावीन्य काही नाही. घरचे मात्र हादरतात, आणि हादरलेलं घर हे तुमचं पहिलं दृश्य आहे. कायदा काय म्हणतो ते लेखकानं माहीत करून घ्यावं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सांगून टाकलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, अपहरण झालं असावं असं धरूनच तपास सुरू करायचा. "चोवीस तास वाट बघा, मैत्रिणीकडे गेली असेल" हा संवाद लिहायचाच असेल तर तो बोलणारा ठाणे अंमलदार चुकतोय हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे. हद्दीचं कारणही आता चालत नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा दाखल होतो आणि मग तो योग्य ठाण्याकडे जातो. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते : खंडणीसाठीचं अपहरण कळल्यावर पोलिसांना खबर देणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलंय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये. सबळ कारण असेल तर सूट आहे, पण ते कारण दाखवायची जबाबदारी न सांगणाऱ्यावर. म्हणजे तुमचा रणजित गप्प बसतो तेव्हाच एका घसरड्या जागी पाय ठेवतो. हे त्याच्या बायकोच्या तोंडून येऊ द्या. ती वकील असायला नको, सोसायटीची सेक्रेटरी असली तरी पुरे. पुण्यात सोसायटीच्या सेक्रेटरीला कायदा वकिलापेक्षा जास्त येतो.

माझं मत विचाराल तर तिनंच पोलिसांना कळवावं, नवऱ्याला न विचारता. गोष्टीत खरा ताण तिथे तयार होतो : बाप एका वाटेनं निघालाय, आईनं दुसरी वाट धरलीय आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतंय.

कळवल्यावर काय होतं? सायरन वाजवत गाडी दारात येत नाही. दोन-तीन माणसं साध्या कपड्यांत येतात, एखादी बाई असते, हातात मिठाईचा पुडा किंवा भाजीची पिशवी. येतानाही लिफ्टनं एकदम सगळे नाहीत. खोलीत टीव्ही चालू ठेवतात, कारण रोज चालू असतो. टेबलावर आईचा फोन, शेजारी वही, वहीत पानाच्या डाव्या बाजूला वेळ लिहायची. आलेल्या प्रत्येक फोनची वेळ, किती सेकंद, कोण बोललं, कसं बोललं, मागे काय ऐकू आलं. आईशेजारी बसलेली हवालदार बाई बोलत नाही, कागदावर दोन-दोन शब्द लिहून सरकवते : "हळू", "पुन्हा विचारा", "रडलात तरी चालेल". या खोलीत सगळ्यात मोठा त्रास गुंडांचा नसतो, नातेवाइकांचा असतो. काकांच्या ओळखीचा एक नगरसेवक असतो, मामांना वाटतं की पैसे देऊन टाकावेत, आत्यानं बहिणीला सांगितलेलं असतं आणि बहिणीनं सोसायटीच्या ग्रुपवर "प्रार्थना करा" असा मेसेज टाकलेला असतो. बातमी फुटली की अपहरणकर्ता घाबरतो, आणि घाबरलेल्या अपहरणकर्त्याएवढं वाईट काही नाही. तो ग्रुपवरचा मेसेज म्हणजे तुमच्या पटकथेतला टाइमबॉम्ब आहे. फुकटात मिळतोय, वापरा.

आता खलनायक. तुम्ही परराज्यातली टोळी आणि तिचा घाऱ्या डोळ्यांचा म्होरक्या लिहिलाय. माझ्या पाहण्यात खंडणीसाठी मूल उचलणारा बहुतेक वेळा घराला ओळखणारा निघतो : जुना ड्रायव्हर, कर्जात बुडालेला भागीदार, लांबचा भाचा. त्याला मुलीची वेळ माहीत असते, घरात किती पैसा आहे याचा अंदाज असतो आणि तोही बहुधा चुकीचा असतो. ओळखीचा माणूस का जास्त धोक्याचा, तर मुलगी त्याला ओळखते. सोडली तर नाव सांगणार. पुण्यात हे सांगायला उदाहरण शोधावं लागत नाही. पुण्यात गाजलेले जोशी-अभ्यंकर खून करणाऱ्या जक्कल, सुतार आणि मंडळींनी त्या खुनांच्या आधी, जानेवारी १९७६ मध्ये, आपल्याच कॉलेजातल्या मुलाला असंच फसवून नेलं. त्याच्याकडून वडिलांना चिठ्ठी लिहून घेतली आणि त्याला मारून टाकलं. चिठ्ठी घरी पोचली तेव्हा सोडवायला कुणी उरलंच नव्हतं. त्यांच्यातल्या चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. माझ्या आधीच्या पिढीतले अधिकारी हे प्रकरण नव्या पोरांना शिकवायचे ते एवढ्याचसाठी : चिठ्ठी म्हणजे जिवंत असल्याचा पुरावा नव्हे.

म्हणून पहिली मागणी पैशाची घासाघीस नाही, मुलीशी बोलणं ही असते. आणि प्रश्न असा, की उत्तर फक्त तिलाच येईल. "कशी आहेस?" याला काही अर्थ नाही. हा प्रश्न मी पुढे वापरणार आहे, लक्षात ठेवा.

रणजितची फोनवरची धमकी मात्र काढून टाका. "मी तुला शोधून काढीन" वगैरे. टाळ्या पडतील, कबूल. पण समोर कर्जबाजारी, रात्रभर न झोपलेला, पहिल्यांदाच असलं काही करणारा माणूस असेल तर या वाक्यानं तो पोरीला सोडणार नाही, पुरावा नाहीसा करायचं बघेल. बोलायचं आईनं, बोलायचं पैशाबद्दल आणि वेळ काढायची. आणखी एक बारकी गोष्ट. मूल पळवणं आणि खंडणीसाठी पळवणं यांत शिक्षेचा फरक जमीन-अस्मानाचा आहे. पहिल्याला सात वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १४०(२) खाली, जन्मठेप किंवा फाशी. पण नुसती पैशाची मागणी सिद्ध होऊन भागत नाही, जिवाची किंवा इजेची धमकी किंवा तशी भीती वाटावी असं वागणंही सिद्ध व्हावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये जुन्या, म्हणजे भारतीय दंड संहितेतल्या कलमाबाबत हे स्पष्ट केलंय. म्हणून खोलीतला तपास अधिकारी आईला खुणेनं सांगतो, त्याला बोलू द्या. तो जे बोलेल ते दोन वर्षांनी शिवाजीनगरच्या कोर्टात वाचलं जाणार असतं.

दोन कोटींवर पटकन. पाचशेच्या नोटांत चाळीस हजार नोटा, चारशे बंडलं. वजन चाळीस किलोच्या वर. तुमच्या पटकथेत रणजित ही रक्कम मुलीच्या दप्तरात घालून पुलावर पळतो. तांदळाचं पोतं घेऊन पळून बघा. शिवाय कोथरूडचं घर विकल्याशिवाय त्याच्याकडे एवढे येतात कुठून, आणि शनिवारी संध्याकाळी कुठली बँक देते? पंचवीस लाख करा. सोनं, भिशी, मेहुण्याची उधारी असं करत जमणारे पैसे पडद्यावर जास्त जिवंत दिसतात. नाहीतरी ओळखीच्या माणसाला अंदाज असतो तो एवढ्याचाच.

आता मुख्य भाग, माग काढणं. तुम्ही लिहिलंय की रणजितचा मित्र लॅपटॉपवर लाल ठिपका दाखवतो आणि ठिपका सरळ बंगल्यावर येऊन थांबतो. असं होत नाही. पोलिसांना कंपनीकडून मिळतो तो सीडीआर, म्हणजे फोन कुणाला, कधी, किती वेळ आणि कुठल्या टॉवरवरून केला याची यादी. टॉवरवर साधारण तीन दिशांना अँटेना असतात, त्यामुळे कळतं ते इतकंच की फोन अमुक टॉवरच्या अमुक बाजूच्या पट्ट्यात होता. सदाशिव पेठेत तो पट्टा दोन-चार गल्ल्यांचा असेल. खडकवासल्याच्या पलीकडे, डोंगर आणि पाणी सुरू झालं की तोच पट्टा कित्येक किलोमीटरचा होतो. व्हॉट्सॲपवरून फोन केला तर सीडीआरमध्ये तो कॉल दिसतच नाही, इंटरनेट कुठल्या टॉवरवरून वापरलं एवढंच सापडतं. सिम बदलता येतं, हँडसेटचा आयएमईआय क्रमांक तोच राहतो, आणि हौशी गुन्हेगार नेमके इथे फसतात : नवं सिम, जुना फोन.

पण तुमच्या गोष्टीसाठी सोन्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. पाणी. मोकळ्या पाण्यावरून सिग्नल अडथळ्याशिवाय जातो. धरणाच्या एका काठावरचा फोन कितीदा तरी समोरच्या काठाचा टॉवर पकडतो, कारण आपल्या काठाचा टॉवर टेकडीमागे असतो. खडकवासल्याचा जलाशय डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला गोऱ्हे, डोणजे, खानापूर, पानशेतला जाणारा रस्ता, आणि त्यामागे सिंहगड. उत्तरेला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या पुढे कुडजे, मांडवी, बहुली. बंगला उत्तर काठाला, मांडवीच्या बाजूला ठेवा. फोन पकडतोय खानापूरचा टॉवर. पोलिस रीतसर, अगदी बरोबर पद्धतीनं, दक्षिण काठावरची एकेक फार्महाउस तपासतायत. कुणी मूर्ख नाही, कुणी फितूर नाही आणि तरी सगळे चुकीच्या काठावर. थ्रिलरमध्ये पोलिसांना बावळट दाखवायची गरज नसते ती अशी.

आता तो प्रश्न. आई विचारते, "बाळा, बाबा तुला रविवारी पिठलं-भाकरी खायला कुठे नेतात?" पोरगी म्हणते, "सिंहगडावर. आत्ता पण दिसतोय, पाण्याच्या पलीकडे, लाल लाइटवाला." आणि फोन काढून घेतला जातो. वहीत नोंद होते : सिंहगड दिसतो. टॉवर खानापूरचा, सिंहगड दिसतो, दोन्ही जुळलं, चला डोणज्याला. शहराच्या पथकातला अधिकारी घाईत असाच विचार करील, मीही केला असता. पण बापानं ते रेकॉर्डिंग ऐकलं की त्याला "पाण्याच्या पलीकडे" हे शब्द खटकतात. गोऱ्ह्यात किंवा डोणज्यात उभं राहिलं तर पाणी एकीकडे, गड पाठीशी. पाणी आणि त्यापलीकडे गडावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा, हे दोन्ही एकाच खिडकीतून फक्त उत्तर काठावरून दिसतं. यासाठी कमांडो लागत नाही. लागतो तो मुलीला दर रविवारी गडावर नेणारा बाप. पुण्यात असे हजारो आहेत आणि प्रत्येकाला वाटेल की हे मलाही सुचलं असतं.

तेव्हा कमांडो काढा. रणजितला खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा निवृत्त हवालदार करा. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग काढणारा, पाण्यावर काम करणारा शिपाई. त्यातही रोइंग केलेला असू द्या. लष्कराचं रोइंगचं केंद्र दापोडीला सीएमई या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातच आहे, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरलेला आपला दत्तू भोकनळ याच बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचा. म्हणजे पुण्याच्या मातीतला, न ओढूनताणून आणलेला नायक झाला. वय सेहेचाळीस, गुडघे वाजतात, खांदे मात्र शाबूत.

वेळ कोणती? रविवारची संध्याकाळ, दुसरी नाही. अर्धं पुणं खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं आणि कांदाभजी खायला आलेलं असतं आणि सिंहगड रस्ता तुंबलेला. बापाला डोणज्याजवळ असताना उलगडा झाला, तर रस्त्यानं पलीकडे जायचं म्हणजे त्याच गर्दीतून मागे, नदी ओलांडून, कोंढवे-धावड्यावरून कुडज्याच्या रस्त्याला. पोलिसांची गाडी दिवा लावूनही त्या गर्दीत इंचाइंचानं सरकते. मधे फक्त पाणी आहे. गाड्यांचा पाठलाग तुम्ही कर्वे रस्त्यावर घातलाय, तो काढा. संध्याकाळी सात वाजता कर्वे रस्त्यावर कुणी कुणाचा पाठलाग करत नाही, सगळे एकमेकांच्या मागे उभे असतात.

गोऱ्ह्याच्या काठाला एखाद्या मासेमाऱ्याची होडी असते, ती तो घेतो. इथे कॅमेऱ्याला देण्यासारखी एक गोष्ट सांगतो, एका रोइंगवाल्या सुभेदारानं मला समजावलेली. वल्हवणारा माणूस जातो त्या दिशेला पाठ करून बसतो. म्हणजे रणजितला बंगला दिसत नाही. त्याला दिसतो तो सोडलेला काठ आणि त्यावर सिंहगड. अंधारात सरळ जायचं तर मागचे दोन दिवे एका रेषेत ठेवायचे : गडावरचा लाल आणि खाली एखाद्या टपरीचा पिवळा. पिवळा लाल दिव्याच्या एका बाजूला सरकला की होडी वाट सोडतेय, त्या हाताचं वल्हं आवरायचं. पोरीनं सांगितलेला दिवाच बापाला तिच्याकडे नेतोय, आणि हे कुणी बोलून दाखवायची गरज नाही. वल्ह्याला फडकं गुंडाळलं की कड्यांचा आवाज मरतो. चाळीस सेकंदांचं दृश्य, संवाद शून्य. फक्त होडी एनडीएच्या पीकॉक बेच्या बाजूला भरकटू देऊ नका, नाहीतर तुमच्या नायकाला गुंडांच्या आधी पहारेकरी धरतील.

लाल महालावरचा छापा आपण शाळेपासून ऐकत आलोय, ५ एप्रिल १६६३ चा. मूठभर माणसांनी लाखाच्या छावणीत शिरून काम केलं, ते तलवारीच्या जोरापेक्षा वाड्याच्या माहितीवर. राजांचं लहानपण त्याच वाड्यात गेलेलं, रमझानची रात्र निवडलेली, शिरले ते मुदपाकखान्याकडून. आपल्या पब्लिकला हा हिशेब रक्तातून कळतो : घर कुणाला माहीत आहे? तुमच्या बंगल्याचंही असंच करा. खलनायक घरच्या ओळखीचा आहे, तर बंगलाही ओळखीचा असू शकतो. भागीदाराच्या बांधकामावर रणजितनं कधी देखरेख केली असेल. मग पंपहाउसच्या दाराला आतून कडी लागत नाही हे त्याला ठाऊक असणार.

हाणामारी. चौदा जण कशाला? पंचवीस लाखांत चौदा वाटेकरी परवडत नाहीत. तिघं पुरेत : ओळखीचा एक, भाड्यानं आणलेले दोन. खरी मारामारी काही सेकंदांत आटोपते आणि बघायला कुरूप असते. मूठ जबड्यावर बसली तर मारणाऱ्याचीच बोटं मोडतात, दुसऱ्या ठोशाला हात उठत नाही. बंद खोलीत गोळी सुटली तर सगळ्यांचेच कान बसतात, पुढचे संवाद ऐकू जात नाहीत. गावठी कट्टा दुसऱ्या गोळीला दगा देतो. पण मी कट्टाही ठेवणार नाही. पुण्यातल्या पोरांच्या हातात हल्ली काय असतं ते रोजच्या पेपरात आहे : कोयता. उसाच्या फडातलं हत्यार, उघड्यावर फिरवायला भीतिदायक, पण बुटक्या छताच्या खोलीत फिरवायला जागा लागते. ज्यानं पूल बांधलेत त्याला जागेचं गणित कळतं. तो अंगणात लढत नाही, जिन्यात लढतो. आणि त्याला लागतं. डावा हात निकामी झाला पाहिजे, कारण परत जातानाही होडीच आहे.

आता कायद्याची ती जागा, जिच्यावर तुमचा शेवट उभा राहील. दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण करायचा हक्क कायदा देतो आणि अपहरणाच्या हेतूनं हल्ला होत असेल, किंवा जीव जाण्याची रास्त भीती असेल, तर तो हक्क हल्लेखोराला ठार करण्यापर्यंत पोचतो. न्याय संहितेचं कलम ३८. पण कलम ३७ मध्ये दोन खुंट्या मारलेल्या आहेत : सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. तुमचा मूळ रणजित, ज्यानं दोन दिवस मुद्दाम पोलिसांना टाळलं, तो इथे गाळात जातो. सरकारी वकील पहिला प्रश्न हाच विचारील. माझा रणजित वाचू शकतो, कारण बायकोनं गुन्हा दाखल केलाय, त्यानं काठ सोडण्याआधी तपास अधिकाऱ्याला फोन लावलाय, तो लागला नाही म्हणून मेसेज केलाय आणि त्या मेसेजवर एकच टिक आहे. पलीकडे उतरल्यावर ११२ लावतो, तो लागतो, पण पोलिसांची गाडी अजून समोरच्या काठावरच्या गर्दीतच आहे. ज्या पाण्यानं आणि डोंगरानं पोलिसांना चुकीच्या काठावर नेलं त्यांनीच त्याला एकटं पाडलंय. प्रेक्षकाला "त्यानं आधी का नाही सांगितलं" हा प्रश्नच उरत नाही आणि कोर्टालाही उत्तर मिळतं.

दुसरी खुंटी मात्र तशीच राहते. जिन्यात कोयता घेऊन अंगावर आलेला मेला, तर एक गोष्ट. ओळखीचा माणूस शेवटी हात जोडून भिंतीला टेकलाय आणि रणजितच्या हातात त्याचाच कोयता आहे, तर वेगळी. तिथे मारला तर तो खून आहे. मग तो बाप असो नाहीतर देव. तुमच्या क्लायमॅक्सला याहून मोठा स्फोट लागत नाही. मारायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण पलीकडच्या खोलीत मुलगी ऐकतेय हे विसरू नका.

मुलीबद्दल बोलायचंच राहिलं. तुमच्या कागदावर ती पार्सल आहे : इथून उचलली, तिथून सोडवली. सुटका झालेली मुलं मी पाहिलीत. ती धावत येऊन गळ्यात पडतातच असं नाही. काही गोठून बसतात. कपडे ओले झालेले असतात आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटत असते. पहारा देणाऱ्यातल्या एखाद्यानं बिस्किटं दिलेली असतात, त्याला मारू नका म्हणतात. अंधारात, रक्तानं माखलेला, धापा टाकणारा माणूस दारात उभा राहिला तर नऊ वर्षांची पोर कॉटखाली सरकेल. तिला चेहरा ओळखू येणार नाही. रणजितनं काय करावं? नाव घेऊन ओरडू नये, गडाच्या पायथ्याला दर रविवारी जे बोलतो ते बोलावं, "चला मॅडम, पहिला कट्टा येईपर्यंत थांबायचं नाही." असं काहीतरी त्या दोघांचं. ते पहिल्या दहा मिनिटांत एकदा पेरून ठेवा, तेही दुसऱ्या कामाच्या गडबडीत.

सुटकेनंतर तुम्ही लगेच नावं दाखवता. पाच मिनिटं ठाण्यात काढा, तिथे खूप माल आहे. मुलीची वैद्यकीय तपासणी, तिचा जबाब साध्या कपड्यांतल्या महिला अधिकाऱ्यासमोर, पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. बापाचे रक्ताळलेले कपडे पंचांसमक्ष जप्त, झडतीचं आणि जप्तीचं आता व्हिडिओ चित्रण करावं लागतं. हवालदाराचा लेंगा घालून रणजित बाकावर बसलाय, फिर्यादी पक्षाचा की आरोपी हे अजून कुणीच ठरवलेलं नाही. बायको समोर आहे, जिनं त्याच्या मनाविरुद्ध पोलिसांत धाव घेतली म्हणून आज त्याची बाजू टिकणार आहे. दोघं त्यावर काही बोलणार नाहीत, ती फक्त डॉक्टरांची पावती कुठे ठेवली ते विचारील. दोन काठांची ठाणी वेगळी, त्यामुळे आरोपी कुणी न्यायचे यावर बाहेर दोन साहेबांची गोड आवाजात बाचाबाची. आणि सकाळी होडीवाला येतो. त्याची होडी मुद्देमाल म्हणून जप्त झालीय, नंबर टाकून ठाण्याच्या आवारात पडलीय, आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय मिळणार नाही. माणूस म्हणतो, साहेब, आजचं जाळं कोण टाकणार? हा प्रसंग हसवेलही आणि खराही आहे.

चित्रीकरणाचं शेवटी सांगतो, कारण निर्माता तुम्हाला हेच आधी विचारील. जलाशय जलसंपदा खात्याचा आहे, पाण्यात होडी आणि दिवे घालायचे तर त्यांची परवानगी आधी, पोलिसांची नंतर. एनडीएच्या शेजारी ड्रोन उडवायचा विचारसुद्धा नको. पावसाळ्यात तर जाऊच नका, विसर्ग सुरू झाला की कुणी ऐकून घेणार नाही. रात्रीचे शॉट हिवाळ्यात घ्या, हवा स्वच्छ असते आणि गडावरचा दिवा स्पष्ट दिसतो.